बेटावरून आलेली निळी पेटी

मित्रांनो, त्या गुरुवारी दुपारी एक कोंबडी माझ्या झाकणावर येऊन बसली आणि तिला हुसकायला कुणीच आलं नाही. तेव्हाच मला संशय आला.

मी एक बर्फाची पेटी आहे. रंगाने निळी, वयाने चोवीस वर्षांची, झाकणाने किंचित वाकडी. न्यूझीलंडमध्ये लोक मला चिली बिन म्हणतात. सहलीला जाताना खाणंपिणं गार राहावं म्हणून माझ्यासारख्या पेट्या गाडीत टाकतात. पण त्या गुरुवारी मी सहलीला गेलेली नव्हते. ऑकलंडपासून विमानाने चार तासांवर, भर समुद्रात, रारोटोंगा नावाचं बेट आहे. तिथल्या एका घराच्या व्हरांड्यात मला धुऊन वाळत ठेवलं होतं. शनिवारी माझे मालक विश्वनाथ मला घेऊन ऑकलंडला, त्यांच्या मुलीकडे निघणार होते.

विश्वनाथ माझ्या बाबतीत फार जपून असत. बेटावर मोकाट कोंबड्या रस्तोरस्ती फिरतात, पण एकीलाही ते माझ्यावर बसू देत नसत. त्या दिवशी मात्र ते स्वयंपाकघरात होते आणि हसत होते. त्यांच्याबरोबर अबोलीबाई होत्या. ओट्यावर अळूची पानं पसरली होती. बाई पानांना पीठ लावून गुंडाळत होत्या आणि विश्वनाथ त्या गुंडाळीला दोरा बांधत होते.

“साहेब, दोरा जरा घट्ट. उंडा सुटेल.”

“तीस वर्षं पाइप जोडतोय मी, बाई. एक थेंब गळत नाही.”

“मग हे ओट्यावर काय गळतंय?”

“ते डिझाइनमध्येच होतं.”

बाई हसल्या. मग त्यांनी हात धुतले आणि आवाज खाली आणला. “मृदुलाला सांगितलं का, मी पण येतेय म्हणून?”

“उद्या सांगतो.”

“काल पण उद्याच म्हणाले होते.”

“तिच्याकडे उद्या कधीच झाला,” विश्वनाथ म्हणाले. ते खरंही होतं. बेट आणि ऑकलंड यांच्यामधून तारखेची रेषा जाते. बेटावर गुरुवार असतो तेव्हा ऑकलंडमध्ये शुक्रवार उजाडलेला असतो.

“मग तर उशीरच झाला की,” बाई म्हणाल्या.

टेबलावर दोन तिकिटांचे कागद पडले होते. चार वर्षं माझ्याबरोबर एकच तिकीट प्रवास करत आलं होतं. हा बदल मला मुळीच आवडला नव्हता. मी स्वभावानेच संशयी आहे, मित्रांनो. तशी का झाले, ते आधी सांगते.

ऑकलंडच्या ईस्ट टामाकी भागातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. प्लॅस्टिकच्या दोन भिंती केल्या, त्यांच्या मधल्या जागेत फेस ओतला. तो फुगला, घट्ट झाला आणि माझ्या अंगात थंडी धरून ठेवायची ताकद आली. बिजागरी बसवताना मात्र यंत्राने घाई केली आणि झाकण डावीकडे जरा तिरकं बसलं. तपासणी करणाऱ्या बाईने मला खालीवर पाहिलं, दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि पिवळं स्टिकर लावून स्वस्तात विकायच्या सदोष मालाच्या फळीवर ठेवून दिलं. माझ्याकडे संशयाने बघणारं ते पहिलं माणूस.

दोन रस्ते सोडून पंप तयार करणारी एक कंपनी होती. तिथे पुण्याहून नुकतेच आलेले विश्वनाथ नोकरीला होते. जेवणाच्या सुट्टीत ते आमची फळी बघायला आले. त्यांनी माझं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मग त्यांना युक्ती सापडली. झाकण जरा उचलून डावीकडे रेटलं की ते बाटलीच्या बुचासारखं घट्ट बसतं. त्यांनी मला उचललं आणि घरी नेलं.

घर ऑकलंडच्या अल्बनी भागात होतं. त्यांची पत्नी सुरेखा आणि अकरा वर्षांची मुलगी मृदुला मला बघायला दारात आल्या. त्यानंतरचे उन्हाळे आठवले की अजूनही माझ्या भिंतींना बरं वाटतं. रविवारी आम्ही समुद्रावर जायचो. टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे घातलेली मृदुला पाण्यातून धावत यायची आणि वाळूने भरलेल्या हातांनी माझं झाकण उघडायची. आत दहीभात, काकडीची कोशिंबीर आणि कोकमाचं सरबत असायचं. शेजारच्या पेट्यांमध्ये सॉसेज आणि बिअर. मोहरीच्या फोडणीच्या वासाने त्या पेट्या नाक मुरडतात असा मला संशय होता. पण सुरेखाबाई सगळ्यांना सांगायच्या, “हिच्यात दही तीन तास ठेवा, आंबट व्हायचं नाव नाही.” अशी स्तुती ऐकून कोण फुगणार नाही? मी तर आधीच फेसाने फुगलेली.

मग मृदुला मोठी झाली, तिचं देवव्रतशी लग्न झालं, श्रिया जन्मली. सहा वर्षांपूर्वी सुरेखाबाई आजारी पडल्या आणि गेल्या. त्यानंतर समुद्रावर जायचं कुणी नावच काढलं नाही. कुणीतरी मला गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे सरकवलं, तेही झाकण बंद करून. मित्रांनो, माझ्यासारख्या पेटीचं झाकण बंद करून तिला कधी ठेवू नका. आतली ओल तिथेच राहते, काळी बुरशी धरते आणि मग जो वास येतो त्याला जबाबदार पेटी नसते.

दोन हिवाळे मी तसेच काढले. एका सकाळी विश्वनाथांनी मला ओढून बाहेर काढलं, उन्हात ठेवलं आणि व्हिनेगरने घासलं. त्यांना बेटावर पाणीपुरवठ्याचं काम मिळालं होतं.

“या वयात, बाबा? आणि एकटे?” मृदुलाने विचारलं.

“दोन वर्षांचं तर कंत्राट आहे. इथे तरी मी काय करतो? गवत कापतो. गवतही आता मला कंटाळलंय.”

मृदुला हसली नाही. तिने चार दिवस खपून पोळ्या केल्या आणि वीस-वीसच्या थप्प्या गोठवून माझ्यात भरल्या.

तेव्हापासून माझा विमानप्रवास सुरू झाला. ऑकलंड आणि बेटं यांच्यामध्ये माझ्या जातीच्या पेट्या शेकड्यांनी येत-जात असतात. चिकटपट्टी गुंडाळलेल्या, नावं लिहिलेल्या. कुणात मासे, कुणात शिजवलेले कंद. परत येताना ऑकलंडच्या विमानतळावर तपासणीचं टेबल असतं. फळ, बी, माती, किडा, देशात काही घुसू नये म्हणून तिथे सगळं उघडून बघतात. आधी एक कुत्रा येऊन मला हुंगायचा. मग हातमोजे घातलेला माणूस माओरी भाषेत नमस्कार करून विचारायचा, “किया ओरा! आत काय आहे?” आणि उत्तर ऐकायच्या आधीच झाकण उघडायचा. दर तीन महिन्यांनी ज्याचं पोट सरकार तपासतं, त्याचा स्वभाव संशयी होणार नाही तर काय?

विश्वनाथ मात्र निवांत उभे असत. त्यांच्या कार्डावर सगळं लिहिलेलं असायचं. पापड किती, लोणचं कशाचं, बुटांना माती आहे का. सरकारपासून त्यांनी कधी काही लपवलं नाही.

आता बेटाविषयी सांगते, कारण तुम्हाला वाटेल तिथे लोक दिवसभर नारळाखाली लोळतात. सुट्टीवर आलेले लोळतात. कामाला आलेल्यांचं जगणं वेगळं. बेटाला एकच मोठा गोल रस्ता आहे आणि त्यावर दोन बसगाड्या, एक घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी, दुसरी उलटी. चुकीच्या बसमध्ये बसलात तरी शेवटी घरीच पोचता, फक्त उशिरा. दुकानात कांदे आहेत की नाहीत, हे जहाज आलंय की नाही यावर ठरतं. जहाज लांबलं की सगळं बेट जहाजाबद्दलच बोलतं. खाऱ्या हवेत टोस्टर गंजतो, पासपोर्टला बुरशी येते, चपला सकाळी झटकून घालाव्या लागतात. रविवारी सगळं बंद आणि चर्चमधल्या गाण्याचा आवाज डोंगरापर्यंत जातो.

आणि बाहेरून आलेला प्रत्येक जण कंत्राटावर. फिलिपिन्सची नर्स, फिजीचा मेकॅनिक, वेलिंग्टनचा वकील. दर महिन्याला कुणाचा तरी निरोप असतो. गळ्यात शिंपल्यांच्या माळा घालतात, जाणारा आपला पंखा आणि इस्त्री मागे राहणाऱ्यांना वाटून टाकतो. तिथे मैत्रीलाही शेवटची तारीख लिहिलेली असते. त्यामुळे फार जवळ कुणी जात नाही. पहिली दोन वर्षं विश्वनाथही गेले नाहीत. ते एक पोळी काढायचे, तव्यावर टाकायचे आणि उभ्याउभ्या लोणच्याबरोबर खायचे.

मग त्यांचं कंत्राट वाढलं आणि तिसऱ्या वर्षी अबोलीबाई आल्या. अमरावतीच्या. बेटावरच्या शाळेत गणित शिकवायला. जहाज लांबलेल्या एका आठवड्यात दुकानात कांद्याची शेवटची जाळी होती, आणि तिच्यावर दोघांचा हात एकदमच पडला.

“तुम्ही घ्या,” विश्वनाथ मराठीत म्हणाले. का, ते त्यांनाही कळलं नाही.

“काहून? अर्धे-अर्धे करू,” बाई म्हणाल्या.

हे मला त्यांच्या गप्पांतून कळलं. मी स्वतः त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या व्हरांड्यात आल्या, माझं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि हुंगलं. अगदी विमानतळावरच्या त्या कुत्र्यासारखं. मला त्यांचा तिथल्या तिथे संशय आला. या बाईंना इथे काय हवंय? माझी जागा? सुरेखाबाईंची जागा? त्यांनी माझं झाकण उघडं राहावं म्हणून खाचेत करवंटीचा एक तुकडा अडकवला. तोही मला त्यांचा काहीतरी डाव वाटला.

वर्षभरात बाई त्या घरात राहायलाच आल्या.

अल्बनीला मृदुलाचा संशय पोळ्यांपासून सुरू झाला. सुट्टीवर आलेले विश्वनाथ निघायच्या आधी म्हणाले, “या वेळी जरा जास्त दे गं. दुप्पट चालतील.”

“दुप्पट?” मृदुलाने लाटणं थांबवलं. “बेटावर भूक वाढते का, बाबा?”

“हवा चांगली आहे.”

ते अंघोळीला गेल्यावर ती देवव्रतला म्हणाली, “दुप्पट खातात, मग वजन का वाढलं नाही?”

“तू बाबांचं वजन केलंस?”

“डोळ्यांनी दिसतं.”

“तुला त्या विमानतळावरच्या टेबलामागे उभं करायला हवं,” देवव्रत म्हणाला. “देशात मुंगी घुसली नसती.”

नऊ वर्षांची श्रिया मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत देते. ती टॅबलेटवरून मान न उचलता म्हणाली, “मम्मा, आजोबा इज बीइंग सो सस.” सस म्हणजे संशयास्पद. हा शब्द मला फार आवडला.

पुढच्या खेपेला माझ्यात एक स्टीलचा डबा आला. आत अळूवड्यांचे वाफवलेले उंडे होते, एकसारखे, कडक गुंडाळलेले. मृदुलाने एक कापला, तळला आणि खाल्ला. तिची आई करायची त्याच्यापेक्षा चिंच जास्त होती, तिखट जास्त होतं आणि ती वडी चांगली झाली होती. मला वाटतं, ती चांगली झाली होती याचाच तिला जास्त त्रास झाला.

“कुणी केल्या, बाबा?”

“शिकलो थोडं,” विश्वनाथ म्हणाले आणि पेपर वाचू लागले. पेपर कालचा होता.

मृदुलाने शनिवारी ऑकलंडमधलं ओटाहुहू गाठलं. तिथल्या दुकानांत बेटांवरचे लोक घेतात ती अळूची पानं मिळतात. व्हिडिओ बघून माणूस एकट्याने अळूवडी शिकू शकतो का, हे तिला तपासायचं होतं. तिने पीठ भिजवलं, पानं गुंडाळली, पण वाफ कमी दिली. संध्याकाळी तिचा, देवव्रतचा आणि श्रियाचा घसा असा खाजला की तिघं दही खात बसले.

“आता सिद्ध काय झालं?” देवव्रतने घोगऱ्या आवाजात विचारलं.

“बाबांना हे जमणं शक्य नाही,” मृदुला म्हणाली.

मग तिने तो डबा घासला आणि घासताना तिला बुडावरचं नाव दिसलं. मित्रांनो, तुमच्याही घरी जुनी स्टीलची भांडी असतील, बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेली. या डब्यावर कोरलं होतं, ‘सौ. अबोली मा. देशकर, अमरावती’. मृदुला त्या पहिल्या अक्षरापाशी थांबली. सौ. म्हणजे नवरा असलेली. म्हणजे बाबा कुणाच्या तरी बायकोबरोबर! तिने डबा ओट्यावर पालथा घातला.

मी तिथेच, फ्रिजशेजारी होते. मला माहीत होतं की बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. भांड्यावरचं सौ. कुणी खोडत बसत नाही. एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं तर! पण खरं सांगू? बोलता आलं असतं तरी त्या दिवशी मी बोलले नसते. मी मृदुलाच्याच बाजूची होते.

डबा परत पाठवताना मृदुलाने तो कोरडा पुसला, झाकण लावलं आणि माझ्यात ठेवला. रिकामा.

दुसऱ्याचा डबा आपल्याकडे असा कुणी देत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. अकराव्या वर्षी पुणं सोडलेल्या मृदुलाला हे नक्की माहीत होतं, कारण तिच्या आईने अल्बनीच्या साऱ्या शेजाऱ्यांची भांडी शंकरपाळ्यांनी भरून परत केली होती.

बेटावर पोचल्यावर विश्वनाथांनी मला उघडलं. डबा उचलताच त्यांना वजनावरून कळलं. ते घाईघाईने पिशवीतलं बाकरवडीचं पाकीट फोडायला लागले. पण तेवढ्यात बाई आल्या, त्यांनी डबा हातात घेतला आणि हलवला. आत काही वाजलं नाही.

“छान घासलाय,” बाई म्हणाल्या.

“तिला माहीत नसेल हो. लहान वयात आली ना इकडे.”

“अकरा वर्षांची मुलगी लहान नसते, साहेब.”

बाईंनी डबा फळीवर ठेवला आणि मला धुवायला घेतलं. कोमट पाणी, सोडा, मग खाचांमधून जुन्या ब्रशने. नंतर करवंटीचा तो तुकडा अडकवून मला सावलीत ठेवलं. रागावलेल्या माणसाचा हात मला कळतो. तो हात रागावलेला नव्हता. माझा संशय तिथे पहिल्यांदा जरा हलला.

त्यानंतर विश्वनाथांनी चार वेळा मुलीशी बोलायचा प्रयत्न केला. एकदाचा प्रसंग माझ्यासमोरच झाला. मृदुला भांडी लावत होती.

“पुढच्या वेळी मी बरोबर कुणाला आणलं तर चालेल का?”

“गेस्ट रूममध्ये श्रियाचा कीबोर्ड आहे, बाबा.”

“कीबोर्ड हलवता येतो.”

“तारा फार आहेत त्याला.”

विश्वनाथांनी टॉवेल घेतला आणि ते तिने धुतलेली भांडी पुसू लागले. दोघंही एकमेकांकडे न बघता सगळी भांडी संपेपर्यंत तिथे उभे होते.

तर असा तो गुरुवार आला होता, दोन तिकिटांचा. विश्वनाथांनी ठरवलं होतं की आता विचारायचं नाही, फक्त सांगायचं. शुक्रवारी सकाळी ते स्कूटरवरून डोंगरातल्या पाण्याच्या टाकीकडे गेले. आठवड्याची तपासणी होती. त्यांनी एक व्हॉल्व्ह बंद करून बघितला, सोबतच्या माणसाला म्हणाले की जरा टेकतो, आणि दगडावर बसले. ते उठले नाहीत.

बाई तेव्हा वर्गात अपूर्णांक शिकवत होत्या. तिथून त्यांना बोलावून नेलं. दुपारी त्या घरी आल्या, माझ्याशेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांनी फोन लावला. त्या दोघी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होत्या.

“मृदुला, मी अबोली बोलतेय. बेटावरून.”

पलीकडून आवाज आला, “कोण अबोली?”

तिला माहीत होतं, कोण अबोली. आणि तिला माहीत आहे हे बाईंनाही माहीत होतं. बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “बाबांच्या ओळखीची. मृदुला, तू कुठे आहेस? बसलीयेस का?”

आठवड्याने बाई विश्वनाथांना घेऊन ऑकलंडला आल्या. त्या विमानात मीही होते. माझ्या पोटात पहिल्यांदाच बर्फ नव्हता. सहा शर्ट होते, चष्मा होता आणि कामावरची टोपी. तपासणीच्या टेबलापाशी हातमोज्यांचा माणूस म्हणाला, “आत काय आहे?”

“कपडे.”

“तुमचे?”

बाईंनी दुसरा कागद पुढे केला, शवपेटीचा. तो त्या माणसाने वाचला आणि काही न तपासता झाकण हळूच मिटलं. ते तिरकंच बसलं.

बाहेर मृदुला उभी होती, देवव्रत होता आणि पुण्याहून आलेले तिचे काका, रवींद्र. मृदुलाने बाईंकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं आणि म्हणाली, “काका, या बाबांच्या ऑफिसातल्या.”

“हो,” बाई म्हणाल्या. “ऑफिसातली.”

बाई एका मोटेलमध्ये राहिल्या. अंत्यविधीला त्या शेवटच्या रांगेत होत्या. तेराव्या दिवशी अल्बनीच्या घरी गोडाचं जेवण होतं. ऑकलंडमधली ओळखीची सगळी मराठी घरं आली होती. खुर्च्या कमी पडल्या. पाण्याच्या बाटल्या भरून मला दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ ठेवलं होतं. बाई आल्या, त्यांनी जागा शोधली आणि शेवटी माझ्यावरच बसल्या. त्यांच्या पायाशी लहान बॅग होती. संध्याकाळच्या विमानाने त्या बेटावर परत जाणार होत्या.

त्यांच्या डोक्यावरून चाललेलं बोलणं मी ऐकत होते.

“त्या कोण हो?”

“ऑफिसातल्या म्हणे.”

“ऑफिसातलं माणूस हार देऊन जातं. तेराव्यापर्यंत राहतं होय?”

“मला तर काहीतरी वेगळंच वाटतंय.”

जन्मभर मी संशयात वाढले, मित्रांनो. पण संशय एवढा मऊ आवाजात बोलतो, हे मला तेव्हा कळलं. बाईंना सगळं ऐकू येत होतं. त्या हललेल्या मला जाणवल्या, पण त्या उठल्या नाहीत.

तुम्हाला मी एकच विनंती करते. आम्ही पेट्या, डबे, भांडी खूप काही पाहतो आणि बोलू शकत नाही. तुम्ही बोलू शकता. कुणाविषयी मनात शंका आली तर त्या माणसाला जाऊन विचारा. आणि कुणी तुम्हाला काही सांगायला आलं तर हातातली भांडी खाली ठेवा. मला हे शिकायला चोवीस वर्षं लागली.

जेवणं आटोपली. बाईंनी घड्याळ पाहिलं, बॅग उचलली आणि त्या दाराकडे वळल्या. तेवढ्यात आतून रवींद्रकाकांनी विचारलं, “मृदुला, एक राहूनच गेलं बघ. शेवटी दादाला तिकडे कोण होतं गं? एकटाच होता का तो?”

मृदुला ताटांची चळत हातात घेऊन थांबली. बाई चपला पायात सरकवत होत्या, त्याही थांबल्या. देवव्रतने पुढे होऊन मृदुलाच्या हातातली ताटं घेतली.

“नाही, काका,” मृदुला म्हणाली. “त्या ऑफिसातल्या नाहीत. मी खोटं सांगितलं. त्या अबोलीताई. बाबा त्यांच्याबरोबर राहत होते.”

श्रिया आईच्या ओढणीचा काठ धरून उभी होती. मृदुला बाईंकडे जाईल असं मला वाटलं, पण ती आधी भिंतीकडे वळली. तिथे टेबलावर विश्वनाथांचा फोटो होता, बेटावर काढलेला, उन्हाने डोळे बारीक केलेला. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“बाबा, मला वर्षभर माहीत होतं. तुम्ही विचारत होतात आणि मला कळत होतं तुम्ही काय विचारताय. यांचा राग नव्हता मला. फोनवर तुम्ही हसायचात, आई गेल्यावर पहिल्यांदाच हसायचात, आणि ते मला ऐकवत नव्हतं. तुम्ही एकट्यानंच राहावं, असं मला वाटत होतं.”